एक गळा की अनेक? गीतरामायणाचे श्रोते आणि त्यांचे वाद

रायपूरहून बोलतोय. ही मालिका पुण्या-मुंबईत ऐकली जाते, तशीच इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथेही ऐकली जाते. म्हणून आज असा विषय घेतलाय, ज्यावर यातल्या प्रत्येक गावच्या मराठी घरात एकदा तरी वाद झाला असेल. गीतरामायण ऐकायचं ते कुणाचं? आकाशवाणीवर पहिल्यांदा झालं ते, अनेक गायक-गायिकांचं? की सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, एकट्याच्या आवाजातलं?

आमच्या रायपुरात हा वाद दर वर्षी चैत्रात उगवतो. रामनवमीला काय लावायचं, कुणी काय म्हणायचं, हे ठरवायला पाच-सात माणसं बसली की चहा येण्याआधीच दोन पक्ष पडलेले असतात. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी, कुठल्याही मोहल्ल्यात जा, दोन्ही पक्षांची माणसं सापडतील. भांडण गोड असतं, पण फुकाचं नसतं. त्याच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या घराशी येऊन भिडतो. तिथपर्यंत मी तुम्हाला नेणार आहे. आधी पायाची माहिती नीट लावून घेऊ.

१ एप्रिल १९५५. शुक्रवार होता आणि रामनवमी होती. पुणे आकाशवाणीवरून त्या सकाळी पावणेनऊला गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. माडगूळकर आणि फडके दोघेही १९१९ सालचे, म्हणजे तेव्हा दोघांची वयं पस्तिशीतली. बेत असा होता की वर्षभर, दर आठवड्याला एक नवं गीत द्यायचं. शुक्रवारी नवं गीत, आणि शनिवार-रविवारी त्याच वेळेला त्याचंच पुन्हा प्रसारण.

वर्षाचे आठवडे बावन्न, मग गीतं छप्पन्न कशी झाली? त्याचं उत्तर पंचांगात आहे. त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत तेरा चांद्रमास भरले, म्हणून मालिका १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालली. पाव तासाचा कार्यक्रम छप्पन्न वेळा, म्हणजे एकूण चौदा तास. कवीला दर आठवड्याला गीत लिहून द्यायचं, संगीतकाराने चाल बांधायची, गायकाने ती बसवायची आणि वाजवणाऱ्यांसह ध्वनिमुद्रण व्हायचं. पुढच्या शुक्रवारी परत तेच.

आता गायक कोण? इथूनच वादाला सुरुवात होते. रामाची पदं स्वतः फडक्यांनी गायली. सीतेची पदं मुख्यतः माणिक वर्मांकडे होती. शिवाय लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके, मालती पांडे, बबनराव नावडीकर अशी कितीतरी मंडळी होती. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन होतं. दशरथ वेगळा, कौसल्या वेगळी, लक्ष्मण वेगळा. रेडिओच्या भाषेत सांगायचं तर ही संगीत श्रुतिका होती.

पुढे बाबूजी गीतरामायण घेऊन गावोगाव फिरले. रंगमंचावर एकटे बसून ते सगळी पदं गात. मग छप्पन्नच्या छप्पन्न गीतं त्यांच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. तबकड्यांवर आली, कॅसेटींवर आली, सीडीवर आली. आज 'गीतरामायण' म्हटल्यावर दहातल्या नऊ मराठी माणसांच्या कानात जो आवाज वाजतो, तो या एकट्याच्या ध्वनिमुद्रणातला आहे.

म्हणजे एकाच कृतीची दोन रूपं. शब्द तेच, चाली त्याच, संगीतकार तोच. फरक फक्त गळ्यांचा. आणि श्रोते दोन तट करून बसलेले.

आता रायपूरचं थोडं वेगळं आहे, ते सांगतो. १९५५ साली रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. गीतरामायण संपलं एप्रिल १९५६ मध्ये, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. इथला मराठी माणूस जागचा हलला नाही, पण सहा-साडेसहा महिन्यांत त्याची राजधानी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात गेली. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं आणि रायपूर स्वतःच राजधानी बनलं.

आणि रेडिओ? रायपूरचं आकाशवाणी केंद्र १९६३ सालचं. पुण्याहून रायपूर म्हणजे हजार किलोमीटरच्या घरात. मध्यम लहरी रात्री दूरवर जातात, पण दिवसा त्यांचा पल्ला तोकडा असतो. सकाळी पावणेनऊला पुण्याचा आवाज इथे पोचणं कठीणच. त्यामुळे पुण्याच्या माणसाचं पहिलं गीतरामायण रेडिओवरचं, अनेक आवाजांचं असू शकतं. आमच्याकडच्या माणसाचं पहिलं गीतरामायण बहुतेक वेळा तबकडीवरचं किंवा कॅसेटवरचं, म्हणजे एकट्या बाबूजींचं. इथल्या ज्येष्ठांनी अनेक आवाजांचं मूळ रूप ऐकलं ते फार उशिरा, नातवंडांच्या मोबाइलवर.

हे लक्षात ठेवा, कारण वादातली निम्मी बाजू इथेच उलगडते. आपण जे आधी ऐकतो ते आपल्याला 'मूळ' वाटतं. तारीख काही का असेना, कानाचं पंचांग वेगळं असतं.

पण निम्मीच. उरलेली निम्मी बाजू संगीताची आहे. दोन्ही पक्षांचं म्हणणं मी शक्य तितक्या न्यायाने मांडतो.

पहिला पक्ष अनेक आवाजांचा. त्यांचं म्हणणं असं की माडगूळकरांनी ही पदं पात्रांच्या तोंडी लिहिली आहेत. प्रत्येक पद कुणीतरी कुणाला तरी म्हणतं. आई मुलाला म्हणते, भाऊ भावाला म्हणतो, पत्नी दिराला विचारते. पात्र बदललं की गळा बदलायला हवा. माणिक वर्मांचा आवाज किराणा घराण्याच्या तालमीतला, सुरावर ठाम आणि तरी हळवा. तो सीतेला मिळाला की सीता रामाच्या गोष्टीतलं एक प्रकरण न राहता स्वतःच्या पायांवर उभी राहते. वसंतराव देशपांड्यांसारखा आमच्या नागपूरच्या मातीत वाढलेला आणि तानेला न घाबरणारा गवई आला की पदाचा रंगच पालटतो. शिवाय सेतू बांधणाऱ्या वानरांचं पद हे मुळातच खांद्याला खांदा लावून म्हणायचं आहे. नाव वल्हवणाऱ्यांचंही तसंच.

दुसरा पक्ष बाबूजींचा. ते म्हणतात, गीतरामायण हे नाटक नाहीच. त्याची चौकट आठवा. पहिल्याच गीतात कुश आणि लव रामासमोर रामायण गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच दोन मुलांना ते गायला सांगत आहेत. म्हणजे हे सगळं रामायण दोन मुलं गात आहेत आणि सर्वांची पदं तीच म्हणत आहेत. दशरथाचा शोक त्यांनीच गायचा, रावणाचा उद्दामपणा त्यांनीच गायचा, आणि आपल्या आईचं दुःख तिच्याच नवऱ्यासमोर त्यांनीच गायचं. मग एका गायकाने सगळं म्हटलं, तर तो काही तडजोड करत नाही. तो कथेच्या मूळ चौकटीशी जास्त प्रामाणिक आहे.

मला हा मुद्दा फार वजनाचा वाटतो. त्याच्या पाठीशी आपली कीर्तनाची परंपराही उभी आहे. नारदीय कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा द्रौपदीही तोच, दुःशासनही तोच. कपडे बदलत नाही, आवाज बारीक करत नाही. नुसता किंचित वळतो, आणि समोरच्या मावशी डोळ्यांना पदर लावतात. बाबूजींनी तेच केलं. प्रत्येक अक्षर स्वच्छ, जोडाक्षरसुद्धा ऐकणाऱ्याच्या हातात ठेवल्यासारखं. भरताची समजूत घालणारं यमनातलं ते लांबलचक पद घ्या. कडव्यामागून कडवं येतं, चाल तीच राहते, आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक कडव्यात एक नवी गोष्ट पटवून दिली जातेय. तिथे गाणारा आणि सांगणारा वेगळे काढता येत नाहीत.

पहिला पक्ष यावर गप्प बसत नाही. ते म्हणतात, ठीक आहे, पण सीतेला वनात सोडलं जातं तेव्हाचं पद पुरुषाच्या आवाजात? दुसरा पक्ष लगेच बालगंधर्वांना पुढे करतो. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, ही सगळी बाईची दुःखं एका पुरुषाने गायली आणि महाराष्ट्राने ती बाईचीच मानली, तेव्हा कुठे अडलं होतं?

उत्तर चलाख आहे, पण मला पूर्ण पटत नाही. बालगंधर्व स्त्रीची भूमिका करत होते. शालू नेसून, तिचा पदन्यास, तिची नजर, सगळं घेऊन ते उभे राहत. बाबूजी सीतेची भूमिका करत नाहीत, ते सीतेची हकिगत सांगतात. दोन्ही गोष्टी थोर आहेत, पण एक नव्हेत. हकिगत ऐकताना आपल्याला सीतेची दया येते. माणिक वर्मांच्या किंवा लताबाईंच्या आवाजात सीता ऐकताना दयेच्या जागी एक अवघडलेपण येतं, कारण ती समोर उभी राहून प्रश्न विचारते आणि उत्तर द्यायचं आपल्यावर येतं.

आता जरा दूर जाऊ. हा वाद फक्त आपला नाही. युरोपात ओरॅटोरिओ नावाचा प्रकार आहे. धर्मग्रंथातली कथा, गायक, समूहस्वर आणि वाद्यवृंद, पण नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, अभिनय नाही. म्हणजे आपल्या गीतरामायणाचा जवळचा भाऊबंद. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे हँडेलचा 'मसाया'. हँडेलने तो १७४१ साली २४ दिवसांत लिहून काढला आणि १३ एप्रिल १७४२ ला तो डब्लिनमध्ये पहिल्यांदा सादर झाला. तिथे सुझाना सिबर नावाची नटी गायली. ती पट्टीची गायिका म्हणून ओळखली जात नव्हती, शिवाय तिच्या खाजगी आयुष्याची गावभर चर्चा होती. तरी तिच्या गाण्यातल्या भावाने लोक हलले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मात्र कुरबुर झाली की देवाचं नाव नाटकगृहात, नटनट्यांच्या तोंडी कशाला? म्हणजे कुणाच्या गळ्यातून देवाची कथा यावी, हा वाद तिथेही पहिल्या दिवसापासून आहे.

पुढची गंमत ऐका. हँडेलने स्वतः 'मसाया' वेगवेगळ्या प्रयोगांसाठी वेगवेगळा केला. गायक बदलले की पदं बदलली. १७८९ साली मोझार्टने त्यात नवी वाद्यं घातली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तो हजारो गायकांचा महोत्सव झाला. मग ध्वनिमुद्रणं आली आणि श्रोत्यांचे तट पडले. थॉमस बीचमचं १९५९ सालचं ध्वनिमुद्रण म्हणजे भला मोठा वाद्यवृंद, झांजा, पितळी वाद्यांचा दणदणाट. काहींना ते ऐकताना अंगावर काटा येतो, काहींना हसू येतं. १९६६ मध्ये कॉलिन डेव्हिसने कमी माणसांत, चपळ लयीत तेच केलं आणि कित्येकांना जुन्या चित्रावरची धूळ पुसल्यासारखं वाटलं. १९८० मध्ये ख्रिस्तोफर हॉगवुडने हँडेलच्या काळची वाद्यं घेतली, वरच्या पट्टीचा समूहस्वर लहान मुलांकडे दिला, आणि १७५४ च्या एका प्रयोगाची संहिता धरली. आता एक पक्ष म्हणतो, हेच खरं. दुसरा म्हणतो, स्वच्छ आहे, पण आमच्या आजोबांच्या घरी लागायचं त्यातली ऊब यात कुठे आहे?

ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्याकडचीच वाक्यं आहेत. फरक इतकाच की तिथे 'मूळ' रूप शोधायला जुनी कागदपत्रं उकरावी लागतात. आपलं मूळ रूप १९५५ सालचं, आणि त्यातली गीतं आज मोबाइलवर ऐकता येतात. आपले दोन्ही दावेदार आपल्या कानांसमोर हजर आहेत. हे भाग्य लहान नाही.

आता परत छत्तीसगडात येऊ, कारण इथे या वादाला एक तिसरी बाजू आहे आणि ती मला दुसरीकडे कुठेच भेटली नाही.

हा प्रदेश म्हणजे जुना दक्षिण कोसल. लोकश्रद्धा अशी की कौसल्या इथली लेक. रायपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर चंदखुरी गाव आहे. तिथे तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं मंदिर आहे. कौसल्या इथली, म्हणून राम या प्रदेशाचा भाचा. छत्तीसगडात आजही मामा भाच्याच्या पाया पडतो, कारण भाच्यात राम पाहायची रीत आहे. अयोध्येत राम राजा आहे, इथे तो बहिणीचा पोरगा आहे.

मराठी माणसांनीही इथे रामाशी आपलं नातं जोडलं. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे आली. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांनी टेकडीवर राममंदिर उभारलं. नागपूरच्या माणसाला रामटेकची आठवण येणारच, आणि त्या टेकडीलाही रामटेकडीच म्हणतात. रायपुरात दूधाधारी मठात रामाचं मंदिर आहे. म्हणजे आमचे पूर्वज इथे आले ते रामाला सोबत घेऊनच, आणि इथे येऊन पाहतात तर राम आधीच इथल्या घरातला.

अशा गावात गीतरामायण लागलं की श्रोत्यांचं लक्ष कुठे जातं? कौसल्येच्या पदांकडे. मूल नाही म्हणून झुरणारी कौसल्या, सावळ्या लेकराचं कौतुक करणारी कौसल्या, आणि वनात निघालेल्या मुलाला अडवणारी कौसल्या. आमच्या शेजारच्या छत्तीसगढी बायकांना मराठी शब्द सगळे कळत नाहीत. पण वेलीवरचं फूल पाहून आईपणासाठी काळीज तुटतं, एवढं कळलं की पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. आणि इथे त्या निःसंकोच निवाडा देतात. मूळ प्रसारणातलं, बाईच्या आवाजातलं पद ऐकलं की म्हणतात, ही कौसल्या. बाबूजींचं ऐकलं की म्हणतात, हे कौसल्येबद्दल सांगतायत, छान सांगतायत.

इतका नेमका भेद मी मोठमोठ्या रसग्रहणांत वाचलेला नाही. त्यांनी संगीतशास्त्र वाचलेलं नाही, पण त्यांच्यापाशी ऐकण्याची एक परंपरा आहे. छत्तीसगडच्या गावांत नवधा रामायण होतं. नऊ दिवस गावोगावच्या रामायण मंडळ्या येतात आणि पाळीपाळीने तुलसीदासांचं मानस गातात. ग्रंथ एकच. पण या मंडळीची चाल वेगळी, त्या मंडळीचा व्याख्याकार वेगळा. लोक रात्र-रात्र बसून ऐकतात आणि सकाळी दातवण करता करता तुलना करतात. अमक्या मंडळीने केवटाचा प्रसंग काय उचलला, तमक्यांचा भरत फिका पडला. पण तिथे कुणी असं म्हणत नाही की अमक्याचंच मानस खरं आणि बाकी सगळं खोटं. गाणारे बदलतात म्हणूनच ऐकायला जायचं असतं.

मंडळी, आता मूळ प्रश्नाकडे येतो.

१९५५ साली पुण्यात काय होत होतं? नवं गीत आलं की वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापत. लोक ते कापून ठेवत, शनिवार-रविवारी पुन्हा ऐकत चाल पकडत आणि घरी म्हणत. सीतेचं पद लेकीने म्हणायचं, रामाचं बापाने. मालिकेत वेगवेगळे आवाज होते, म्हणून घरातल्या प्रत्येक आवाजाला एक जागा होती. पोरसवदा आवाजालाही होती, थोरल्या आवाजालाही होती.

मग एकट्या बाबूजींचं ध्वनिमुद्रण आलं आणि ते इतकं पूर्ण, इतकं निर्दोष होतं की घरचं म्हणणं हळूहळू थांबलं. दोष बाबूजींचा नाही, चुकूनही नाही. दोष आपल्या आळसाचा आहे. 'बाबूजींसारखं कोण म्हणणार?' असं आपण म्हणालो आणि प्लेयरचं बटण दाबलं. ज्या कृतीचा पहिला प्रसंगच दोन मुलांनी गाण्याचा आहे, ती कृती मुलांनी म्हणायची थांबली.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना याची झळ कमी लागते. तिथे मराठी रस्त्यावरून, शाळेतून, दुकानाच्या पाटीवरून कानात शिरतेच. रायपुरात ती घराबाहेर नाही. आमची मुलं शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, गल्लीत हिंदी-छत्तीसगढी बोलतात, आणि मराठी ऐकतात ती आजी-आजोबांकडून. त्यांच्या तोंडात माडगूळकरांचे शब्द बसायचे असतील तर ते म्हणूनच बसतील. ऐकून कान तयार होतो, पण जीभ फक्त म्हणण्यानेच वळते. 'ळ' म्हणायला शिकवणारं दुसरं साधन आमच्यापाशी उरलेलं नाही.

यावर काही जण हिंदी गीतरामायणाचा पर्याय सुचवतात. ग्वाल्हेरच्या रुद्रदत्त मिश्रांनी बाबूजींच्या चालींवर बसेल असा हिंदी अनुवाद केलेला आहे आणि तो कामाचा आहे. आमचे हिंदी शेजारी त्यामुळे आमच्यासोबत बसू शकतात. माझं म्हणणं इतकंच की तो पूल आहे. पुलावरून जावं-यावं. घर मात्र आपल्या काठावर असावं.

इथे परत 'मसाया'ची आठवण होते. त्याची इतकी उत्तम ध्वनिमुद्रणं आहेत, मग तो केवळ कपाटात का नाही गेला? कारण इंग्लंडातले लोक तो म्हणत राहिले. नाताळ आला की गावोगावचे हौशी समूह तो बसवतात. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७४ पासून एक प्रथा सुरू झाली. तिथे प्रेक्षक स्वतःची स्वरलिपी घेऊन येतात आणि हजारो जण मिळून 'मसाया' गातात. त्यांतले कित्येक बेसूर असतील. हॉगवुडचं ध्वनिमुद्रण ऐकून नाक मुरडणारा आणि बीचमचं ऐकून हसणारा, दोघेही तिथे शेजारी-शेजारी उभे राहून गात असतात. त्यांचा वाद मिटत नाही, आणि तो मिटवायची कुणाला घाईही नसते.

म्हणून 'कुणाचं गीतरामायण?' या प्रश्नाचं माझं उत्तर दोन भागांत आहे.

ऐकायचं असेल तर दोन्ही ऐका, पण एकत्र ठेवून ऐका. छप्पन्न सलग नकोत. तीन पदं निवडा. कौसल्येचं एक, भरताच्या समजुतीचं एक, आणि सीतेचं शेवटाकडचं एक. कौसल्या आधी मूळ प्रसारणातली ऐका, मग बाबूजींची. भरताच्या पदाला दोन्हीकडे आवाज बाबूजींचाच आहे. म्हणून तिथे एवढंच पाहा की रेडिओसाठी पात्र म्हणून गाणारा राम आणि पुढे सगळी कथा एकट्याने सांगणारा राम यांत काही बदललं का. सीतेचं पद मात्र उलट क्रमाने ऐका. आधी बाबूजींचं, मग बाईच्या आवाजातलं, आणि त्यानंतर पाच मिनिटं काही लावू नका. मूळ ध्वनिमुद्रणात खरखर असेल, आवाज बसका वाटेल. सत्तर वर्षांपूर्वीच्या रेडिओचा आवाज तसाच असायचा, तेवढं चालवून घ्या.

गायचं असेल, तर अनेकांचं. तिथे माझा पक्ष ठरलेला आहे. गुढीपाडवा ते रामनवमी नऊ दिवस असतात. रोज सहा पदं म्हटली तर चोपन्न होतात. उरलेली दोन, म्हणजे पहिलं आणि शेवटचं, सगळ्यांनी मिळून म्हणायची. एका घराने एक पद घ्यायचं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पेटी आणायची, ज्यांच्याकडे नाही त्यांनी टाळ आणायचे. कौसल्येच्या पदाला शेजारच्या छत्तीसगढी मावशींना बोलवायचं, कारण माहेर त्यांचं आहे. सूर सुटला तर सुटू दे. बाबूजींची सर येणार नाही, आणि ती यायला हवी असं कुणी म्हटलेलंही नाही. कुश-लवांनी हे पहिल्यांदा गायलं तेव्हा त्यांच्यासमोर ऐकून ताडून पाहायला कुठलंही ध्वनिमुद्रण नव्हतं.

येत्या चैत्राला अजून वेळ आहे. छप्पन्न घरं रायपुरात मिळतील का, याची मोजणी मी या आठवड्यात सुरू करतोय. तुमच्या गावातली तुम्ही करा. नमस्कार.